खाणींचा वैद्य गेओर्ग आग्रिकोला

आपल्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबांचा निर्वाह शेतीवर चालतो. तेव्हा ज्याचे नावच शेतकरी होते, अशा एका विद्वान पुरुषाचे चरित्र या अंकी देण्याचे योजिले आहे. जर्मनी देशात साक्सनी म्हणून प्रांत आहे, त्यातील ग्लाउखाउ या गावी इसवी सन १४९४ च्या मार्च महिन्याच्या २४ व्या तारखेस गेओर्ग बाउअर याचा जन्म झाला. बाउअर या जर्मन शब्दाचा अर्थ शेतकरी. त्या काळचे विद्वान लोक आपली नावे लॅटिन भाषेत फिरवून घेत. त्या रीतीस अनुसरून त्याने आपणास आग्रिकोला असे म्हणविले, आणि याचाही अर्थ शेतकरीच. परंतु या शेतकऱ्याने नांगर धरिला नाही. जमिनीच्या पोटात रुपे, तांबे, शिसे ही कोठे व कशी असतात याचा त्याने जन्मभर शोध केला, आणि जे डोळ्यांनी पाहिले ते इतक्या प्रामाणिकपणाने लिहून ठेविले की, त्याच्या मरणानंतर सुमारे दोन शतके युरोपातील खाणवाले त्याचाच ग्रंथ उघडून पाहत.

तो आपल्या पंथाचा नव्हता, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. मार्टिन लूथर याने १५१७ साली ज्या साक्सनीत धर्मसुधारणेस आरंभ केला, त्याच साक्सनीत हा मनुष्य वाढला, आणि आजूबाजूचे सारे गाव लूथरच्या मताचे झाले तरी तो मरेपर्यंत रोमन कॅथलिक राहिला. त्याच्या चरित्राचा शेवट आम्हां प्रॉटेस्टंट लोकांस फारसा भूषणास्पद नाही. तोही यथाक्रम सांगू.

लाइपझिग येथील विद्यापीठात १५१४ पासून त्याचे शिक्षण झाले. नंतर त्सविकाऊ या गावी शाळेत तो ग्रीक व लॅटिन शिकवी, आणि १५२० साली त्याने मुलांसाठी लॅटिन व्याकरणाचे एक लहान पुस्तक छापिले. पापक्षमापत्रे विकण्याचा जो प्रकार त्या वेळी चालू होता तो त्याला मुळीच रुचत नसे, आणि त्यावर त्याने काही बोचऱ्या ओळीही रचिल्या होत्या. तरी जुनी मंडळी सोडावी असे त्यास वाटले नाही. पुढे वैद्यकाचा अभ्यास करण्यासाठी तो इटलीत गेला, आणि गालेन नामक प्राचीन ग्रीक वैद्याचे ग्रंथ व्हेनिस येथे १५२५ साली छापून निघाले, त्या कामी त्याने साहाय्य केले. तेथून परत आल्यावर १५२७ साली योआखिमस्थाल या गावाने त्यास आपला गाववैद्य नेमिले.

हे योआखिमस्थाल कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट समजणार नाही. साक्सनी व बोहेमिया यांच्या सीमेवर डोंगरांची एक लांब रांग आहे. तिचे जर्मन नावच धातूंचे डोंगर असे आहे. त्या रांगेच्या बोहेमियाकडील अंगास एका रानटी दरीत रुप्याच्या शिरा सापडल्या, आणि १५१६ साली तेथे वस्ती बसली. पंधरा-अठरा वर्षांत त्या दरीत सुमारे अठरा हजार लोक राहू लागले. तेथील श्लिक घराण्याच्या सरदारांनी त्या रुप्याची जाड नाणी पाडिली. दरीच्या नावावरून लोक त्यांस थालर म्हणू लागले, आणि त्या थालरचाच पुढे अपभ्रंश होऊन अमेरिकेचा डॉलर झाला. आज हे गाव चेक देशात असून त्यास याखिमोव्ह म्हणतात. आग्रिकोला तेथून निघून गेल्यावर लूथरच्या पंक्तीस बसलेला योहानेस माथेसियुस नावाचा पाळक तेथे उपदेश करू लागला. त्याने खाणीतल्या मजुरांस खाणीचेच दाखले देऊन उपदेश केले, आणि ते १५६२ साली छापिले. आपल्या उपदेशकांपैकी ज्यांना ऐकणाऱ्यांच्या धंद्यातून दाखला काढणे कठीण वाटते त्यांनी या पाळकाचे स्मरण ठेवावे. पण तो आजचा विषय नव्हे.

वैद्य खाणीत का उतरला, असे कोणी विचारील. याचे कारण साधे होते. प्राचीन ग्रीक वैद्यांनी पुष्कळ खनिजांची औषधे सांगितली आहेत, पण ती खनिजे कोणती हे लोक विसरून गेले होते. नावे पुस्तकात आणि दगड डोंगरात, अशी ताटातूट झाली होती. आग्रिकोलाने ठरविले की, दगड स्वतः पाहावेत. रोग्यांस भेटून झाले म्हणजे उरलेला वेळ तो खाणींत, धातू गाळण्याच्या भट्ट्यांजवळ आणि जाणत्या कामकऱ्यांच्या संगतीत घालवी. मजूर ज्या दगडास ज्या नावाने हाक मारी ते नाव तो टिपून घेई, आणि तेच वर्णन ग्रीक वा लॅटिन ग्रंथात कोठे आढळते काय हे ताडून पाही. बेरमान नावाच्या एका जाणत्या खाणवाल्यास मुख्य पात्र करून त्याने संवादरूपाने एक पुस्तक लिहिले. ते १५३० साली बाझेल शहरी निघाले, आणि विख्यात पंडित इरास्मस याने त्यास प्रस्तावनेचे पत्र जोडिले. बिस्मथ हा शिसे व कथील यांहून निराळा धातू आहे, असे त्यात प्रथमच सांगितले आहे.

आता धातूची शीर म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या कातळात पांढरी रेघ गेलेली पुष्कळांनी पाहिली असेल. कधी ती बोटाएवढी जाड असते, कधी खडकात पोकळी लागते आणि तिच्या आत गारेचे चकचकीत खडे उगवल्यासारखे दिसतात. खडकास आधी चीर पडली. मग त्या चिरेतून क्षार विरघळलेले पाणी युगानुयुगे वाहिले. ते क्षार भिंतींवर थर देत बसले. पाणी तापविण्याच्या हंड्यात आतून पांढरे पुट बसते, तसाच हा प्रकार होय. सह्याद्रीच्या काळ्या खडकातील या पांढऱ्या रेघांत सोने-रुपे नसते, तेव्हा कोणी उगाच आशा धरू नये. पण जेथे पाणी फार खोलातून, फार ऊन होऊन आणि धातूंचे अंश घेऊन वर येते, तेथे तेच पाणी थंड होताना, किंवा दुसऱ्या पाण्यास मिळताना, चिरेच्या दोहों भिंतींवर गारेबरोबर शिसे, जस्त, तांबे यांची खनिजे आणि क्वचित रुपे किंवा सोनेही सोडते. अशी भरलेली चीर म्हणजे शीर. योआखिमस्थालच्या पुष्कळ शिरा हातभरही रुंद नव्हत्या.

शिरांच्या उत्पत्तीविषयी आग्रिकोलाच्या काळी तीन मते प्रचलित होती. किमयागार म्हणत की, सर्व धातू पारा व गंधक यांच्या मिश्रणाने बनतात. ज्योतिषी म्हणत की, सूर्याच्या प्रभावाने सोने, चंद्राच्या प्रभावाने रुपे, शनीच्या प्रभावाने शिसे पिकते. सामान्य लोक म्हणत की, पृथ्वी उत्पन्न झाली तेव्हाच शिरा तिच्या पोटात जशाच्या तशा होत्या. आग्रिकोलाने १५४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही तिन्ही मते नाकारिली. खडक आधीचा, चीर नंतरची, आणि चिरेतील भरणा त्याहूनही नंतरचा. तो भरणा पृथ्वीच्या पोटात फिरणाऱ्या रसांनी केला, असे त्याने सांगितले. चिरा बहुतेक पाण्याने कोरून होतात असे तो मानी, तेथे मात्र तो चुकला. खडक दाबाने फाटतो व सरकतो, त्यामुळे त्या पडतात, हे पुढील शास्त्रज्ञांनी दाखविले. परंतु शीर ही सभोवारच्या खडकाहून वयाने लहान असते, ही त्याची मुख्य गोष्ट आज सर्व भूगर्भशास्त्रवेत्ते मान्य करितात. दोन शिरा एकमेकींस छेदून गेल्या असतील तर जी तुटली ती जुनी व जिने तोडिले ती नवी, असा साधा नियम ते आज लावितात. यात देवाच्या उत्पत्तिकर्मास काही बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. ज्याने पाणी केले त्यानेच पाण्यास वाहण्याचा व क्षार सोडण्याचा नियमही लावून दिला.

शीर शोधावी कशी, याविषयी त्याने जे लिहिले ते गावकऱ्यांनी लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. ओढ्याच्या पात्रात धातूचे तुकडे सापडतात काय ते प्रथम पाहावे. तुकडे घासून गुळगुळीत झाले असतील तर शीर दूर आहे. कंगोरे कायम असतील तर जवळ आहे. मग ओढ्याच्या वरच्या अंगास चढत जावे, आणि तुकडे जेथे बंद होतात तेथे बाजूच्या उतारावर खणून पाहावे. झऱ्याच्या पाण्याची चव घ्यावी. वादळाने झाड उन्मळले तर त्याच्या मुळांखालची माती तपासावी. थंडीच्या दिवसांत सगळे गवत दहिवराने पांढरे झाले असता मध्येच एक पट्टा तसाच हिरवा राहिला, तर तो ध्यानात धरावा. झाडांची एक सरळ ओळ वसंतात निळसर किंवा मलूल दिसली, तर तिच्याखाली काय आहे ते पाहावे. शिरेतून ऊब निघते म्हणून असे होते, अशी त्याची कल्पना होती, ती सर्वस्वी खरी नव्हे. तरी झाडे जमिनीतील धातू शोषून घेतात हे आज सिद्ध झाले असून पाने जाळून त्यांच्या राखेत धातू शोधण्याची रीतही निघाली आहे. कधी कधी शीर केवळ योगायोगाने सापडते. फ्रायबेर्ग येथील रुपे गाडीच्या चाकोरीत उघडे पडले, अशी गोष्ट सांगतात.

त्या काळी बहुतेक खाणवाले मात्र या खुणा सोडून बेचक्याच्या काठीवर भरवसा ठेवीत. दोन फाट्यांची डहाळी दोहों मुठींत धरून डोंगरावर फिरावयाचे, आणि ती आपोआप खाली वळेल तेथे शीर आहे असे समजावयाचे. रुप्यासाठी हेझेल झाडाची डहाळी, तांब्यासाठी ॲश झाडाची, शिसे व कथील यांसाठी देवदाराच्या जातीच्या झाडाची, आणि सोन्यासाठी लोखंडाची कांब, असा त्यांचा भेद असे. आग्रिकोलाने ही रीत हसून सोडून दिली नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे त्याने सविस्तर मांडिले. काठीचे पक्षपाती म्हणत की, शिरेत ओढण्याची शक्ती आहे. मग काहींच्या हातात काठी वळत नाही ती का, असे विचारले तर ते म्हणत की, त्या मनुष्याच्या अंगचा काही गुण आडवा येतो. आग्रिकोलाचे उत्तर असे की, लोहचुंबक लोखंडास ओढतो तो धरणाराचे तोंड पाहून ओढीत नाही. काठीचा हा प्रकार जादूगारांच्या मंत्रतंत्रांतून आलेला आहे, आणि जो मनुष्य देवभीरू, विचारी व सृष्टीच्या खुणा ओळखणारा आहे त्याला तिचा काही उपयोग नाही, असा त्याने निकाल दिला.

हे वाचताना आपल्या गावचा पाणाड्या कोणाच्या डोळ्यांपुढे उभा राहणार नाही? तळहातावर नारळ आडवा धरून किंवा हातात डहाळी घेऊन तो शेतात फिरतो, एके ठिकाणी थांबतो, आणि त्याच्या शब्दावर घरचा धनी कर्ज काढून विंधन विहीर घेतो. आपल्या मंडळ्यांतही हे चालते, हे पाळकांस व उपदेशकांस ठाऊक आहे. पाणी लागले तर पाणाड्याचे नाव होते, न लागले तर नशिबास दोष दिला जातो. अशा परीक्षेत पाणाड्या कधी नापास होऊच शकत नाही. खडकाची भेग कोणीकडे गेली आहे, शेजारच्या विहिरींस किती हातांवर पाणी आहे, ओढ्याकाठी उन्हाळ्यातही कोणती झाडे हिरवी राहतात, या गोष्टी पाहण्यास पैसा लागत नाही.

शीर सापडली म्हणजे काम संपले असे नव्हे. खरी पारख तेथून पुढे. आग्रिकोलाने शिरांच्या तीन जाती सांगितल्या आहेत. एक खोल उतरत जाणारी, दुसरी थरासारखी आडवी पसरलेली, आणि तिसरी एका जागी राशीप्रमाणे साठलेली. यांशिवाय केसासारख्या बारीक उपशिरा असतात, त्या मोठ्या शिरेस येऊन मिळतात, आणि अशा संगमाच्या जागी पुष्कळदा धातू अधिक सापडतो. शिरेची दिशा होकायंत्राने पाहत. त्या यंत्रावर घड्याळाप्रमाणे बारा-बारा तासांचे भाग पाडिलेले असत. योआखिमस्थालच्या शिरांचे दोन मोठे समूह आहेत, एक पूर्वपश्चिम जाणारा व एक दक्षिणोत्तर. पहिलीस तेथील लोक सकाळची शीर म्हणत आणि दुसरीस मध्यरात्रीची. रुपे विशेषेकरून मध्यरात्रीच्या शिरांत असे.

मग कस पाहावयाचा. शिरेतला दगड कुटून त्यात शिसे घालून तो भट्टीत वितळवीत; वितळलेले शिसे दगडातील रुपे आपल्यात ओढून घेते. नंतर ते शिसे हाडांच्या राखेच्या लहानशा वाटीत ठेवून भात्याच्या आचेवर तापविले म्हणजे शिसे वाटीत जिरून जाते, आणि तळाशी रुप्याचा एक मणी उरतो. तो मणी इतका लहान असे की, त्याच्यासाठी निराळा नाजूक तराजू लागे. वाऱ्याने काटा हलू नये म्हणून तो पेटीत ठेवीत. शिशात स्वतःचे थोडे रुपे असते, म्हणून नुसत्या शिशाचा कस अगोदर काढून तेवढे वजन वजा करावे, हेही सांगण्यास आग्रिकोला विसरला नाही. असल्या बारीक सूचनेत मनुष्याचा प्रामाणिकपणा दिसतो. वजाबाकी गाळणाराचा दगड नेहमी श्रीमंत ठरतो.

लहान शीर मनुष्यास फार फसविते. एक हिशेब पाहा. शीर एक वीत रुंद आहे आणि तिचा कस उत्तम लागला. पण मजुरास आत शिरून घण मारण्यास निदान चार वितींची वाट हवी. म्हणजे एक भाग धातूच्या दगडासाठी तीन भाग फुकटचा दगड फोडावा, उपसावा व टाकावा लागतो. शिवाय शीर सर्वत्र सारखी नसते. आज वीतभर असलेली उद्या बोटभर होते, परवा खडक सरकल्यामुळे तुटून नाहीशीच होते. पावसाचे पाणी वरच्या भागातील रुपे विरघळवून थोड्या खोलीवर पुन्हा साठविते, त्यामुळे पुष्कळ शिरा आरंभी फार संपन्न असतात आणि खाली जाता जाता दरिद्री होतात. ज्याने वरचा चकचकीत तुकडा पाहून घरदार विकले, त्याचे हाल होतात.

आणि घरदार विकणारे पुष्कळ होते. खाण एकट्याच्या मालकीची नसे. तिचे अनेक वाटे करून विकीत, आणि शहरातले शिंपी, चांभार, विधवा बायकाही वाटा घेत. वाटा विकावयाचा असला म्हणजे शिरेची अतोनात स्तुती करावयाची, व विकत घ्यावयाचा असला म्हणजे तिचीच निंदा करावयाची, ही लबाडी आग्रिकोलाने उघड लिहिली आहे. ज्यास वाटा घ्यावयाचाच असेल त्याने सगळा पैसा एका खाणीत घालू नये, असा त्याचा सल्ला आहे. तो स्वतःही वाटेकरी होता. जवळच आबेरथाम येथे देवाची देणगी या नावाची खाण होती. तिच्यात त्याचा वाटा असून त्याचे उत्पन्न त्यास मिळे, आणि ते देवाच्या कृपेचे फळ म्हणून त्याने लिहून ठेविले आहे. स्वतःचा लाभ झाला म्हणून इतरांस जपून राहण्याचे सांगण्यास तो कचरला नाही.

त्याच्या सर्वच समजुती आज टिकणाऱ्या नव्हेत. खाणीत भुते राहतात असे तो मानी, व उपासप्रार्थनेने ती जातात असे त्याने लिहिले आहे. त्या भुतांची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तेथे एक खनिज रुप्यासारखे दिसे, पण भट्टीत घातले तर रुपे निघत नसे, उलट विषारी धूर निघे आणि मजुरांच्या हातापायांस क्षते पडत. मजूर म्हणत की, कोबोल्ट नावाच्या भुताने रुपे चोरून त्याजागी हा दगड ठेविला. पुढे १८ व्या शतकात त्याच खनिजातून एक नवा धातू निघाला, त्यास आज कोबाल्ट म्हणतात. धूर होता तो सोमलाचा. आग्रिकोलाने भूत मानिले खरे, पण मजुरांनी हातमोजे व उंच बूट घालावे हेही सांगितले, आणि त्यांच्या कामी आले ते हेच.

वैद्य या नात्याने त्याचे डोळे येथेच अधिक उघडे होते. कोरड्या खाणीतील धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन माणूस झिजून मरतो, हे त्याने स्वच्छ लिहिले. कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या गावी सात-सात नवरे एकामागून एक मेलेल्या बायका आहेत, असे त्याने नमूद केले आहे. तोंडावर सैल फडके बांधावे, आणि खाणीत पंखे व भाते लावून ताजी हवा सोडावी, असे उपाय त्याने चित्रांसह दिले. त्या डोंगरांतील रोगाचे सगळे कारण त्यास कळणे शक्य नव्हते. योआखिमस्थालच्या शिरांत एक काळा जड दगड सापडे. रुप्याच्या कामी निरुपयोगी म्हणून मजूर तो टाकून देत. त्यातच युरेनियम होते. त्याच खाणींतील अशा दगडाचा उरलेला चोथा घेऊन मारी क्युरी व तिचा पती यांनी १८९८ साली पोलोनियम व रेडियम यांचा शोध लाविला. युरेनियमपासून निघणारा रेडॉन वायू खाणीच्या हवेत भरून राही, आणि फुप्फुसांत कर्करोग उत्पन्न करी. चांगल्या हवेचे भाते लावा, असे जे आग्रिकोलाने धुळीसाठी सांगितले, ते या अदृश्य विषावरही औषधच होते. पण खाणवाल्यांनी तो खर्च पुरेसा केला नाही, आणि शेकडो वर्षे माणसे मरत राहिली.

१५३१ च्या सुमारास तो साक्सनीतील केम्निट्स या गावी जाऊन राहिला व तेथील गाववैद्य झाला. साक्सनीचा ड्यूक मॉरित्स हा प्रॉटेस्टंट होता, तरी त्याने या कॅथलिक वैद्यावर विश्वास ठेवून १५४६ साली त्यास केम्निट्सचा नगराध्यक्ष केले. ते पद त्याने चार वेळा भूषविले. त्याच सुमारास जर्मनीत धर्माच्या नावाने लढाई पेटली. त्या वेळी बायको व लहान मुले घरी ठेवून तो राजसेवेस गेला. १५५२ व १५५३ या साली साक्सनीत प्लेगाने कहर केला. ज्यांना पळणे शक्य होते ते पळाले. आग्रिकोला रोग्यांस पाहत राहिला, आणि त्या अनुभवावरून त्याने प्लेगाविषयीचा ग्रंथ १५५४ साली प्रसिद्ध केला. ज्यांची नाडी त्याने पाहिली ते बहुतेक लूथरपंथी होते.

१५५५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २१ व्या तारखेस, चार दिवसांच्या तापाने, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो मरण पावला. केम्निट्सच्या लूथरपंथी धर्माधिकाऱ्यांनी त्यास गावच्या देवळात पुरू दिले नाही. चार वेळा ज्याने गावचा कारभार वाहिला, प्लेगात ज्याने गाव सोडले नाही, त्याचे प्रेत मूठभर मातीसाठी दिवसानुदिवस पडून राहिले. कारण एवढेच की, तो कॅथलिक होता. शेवटी त्साइट्स येथील कॅथलिक बिशप युलियुस फॉन फ्लुग, जो त्याचा स्नेही होता, त्याने जागा दिली, आणि प्रेत तीस मैलांहून अधिक वाट चालून तेथील मोठ्या देवळात पुरण्यात आले. हे कृत्य ज्यांनी केले ते आपल्याच पंथाचे वडील होते. त्यांच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल, तो काळ कडवा होता, दुसऱ्या पक्षाने आपल्या लोकांस जाळिले होते, हे सर्व खरे आहे. तरी त्या दिवशी केम्निट्समध्ये जे झाले ते ख्रिस्ताच्या शिष्यांस शोभणारे नव्हते, असेच आम्ही म्हणतो. आपल्याकडे गावोगावी मृताच्या जागेवरून कलह होतात, आणि आपल्या बंधूंसही कित्येक ठिकाणी गावच्या स्मशानात जागा नाकारिली जाते, तेव्हा त्याचे दुःख काय असते ते आपणांस निराळे सांगावयास नको. सर्वच प्रॉटेस्टंट तसे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. माइसेन येथील शाळेचा मुख्य गेओर्ग फाब्रिसियुस हा लूथरपंथी असून आग्रिकोलाचा जिवलग मित्र होता. त्याने मेलांख्थोन यास पत्र लिहून देशाचे भूषण गेले म्हणून शोक केला.

त्याचा मुख्य ग्रंथ तेव्हा छापखान्यात होता. वीस वर्षांहून अधिक काळ त्याने त्यासाठी सामग्री जमविली. १५५० साली लिहून पूर्ण झाला, पण लाकडावर कोरलेली सुमारे तीनशे चित्रे तयार होण्यास वर्षे गेली. शब्दांनी वस्तू समजत नाही, ती दाखविली पाहिजे, या मताचा तो असल्यामुळे चित्रांवाचून पुस्तक बाहेर पडू देण्यास तो राजी नव्हता. धातुविद्येवरील ही बारा प्रकरणे १५५६ च्या मार्चमध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी, बाझेल येथे प्रसिद्ध झाली. बाझेल हे शहर १५२९ सालीच प्रॉटेस्टंट झाले होते. पुढच्याच वर्षी त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर निघाले.

इंग्रजी भाषांतर मात्र १९१२ साली झाले. ते अमेरिकेतील खाणशास्त्राचा तज्ज्ञ हर्बर्ट हूवर व त्याची पत्नी लू हूवर या दोघांनी मिळून केले. हाच हूवर पुढे १९२९ साली त्या देशाचा अध्यक्ष झाला. आग्रिकोलाने पाहिलेल्या अनेक वस्तूंस लॅटिन भाषेत शब्दच नव्हते, म्हणून त्याने ते स्वतः घडविले होते. कोशात पाहून त्यांचा अर्थ लागेना. तेव्हा त्या पतिपत्नींनी कित्येक कृती त्याने लिहिल्याप्रमाणे प्रयोगशाळेत करून पाहिल्या, आणि हाती काय येते त्यावरून त्या शब्दांचा अर्थ लाविला.